सात रस्ता ते काळा समुद्र, व्हाया खारघर

खरं सांगा, ‘गोल्फ’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? हिरवंगार मैदान, पांढरी टोपी घातलेले कुणी रिटायर्ड साहेब, नाहीतर जुन्या हिंदी सिनेमातला हिरोईनचा श्रीमंत बाप. माझ्याही डोळ्यांपुढे हेच यायचं. त्यामुळे ‘युरोपातल्या फारशा माहीत नसलेल्या ठिकाणी गोल्फची सुट्टी कशी प्लॅन करायची, यावर लिही’ असं डेस्कवरून सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. सोलापुरात बसून हे लिहायचं? तेही आपल्या पानाच्या वाचकांसाठी, ज्यांचा महिन्यातला सगळ्यात मोठा प्लॅन म्हणजे रविवारी बाईकवर नळदुर्ग?

त्याच संध्याकाळी सात रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या चहाच्या गाडीवर मी हा विषय टाकला. आमच्यातला कॉमर्सवाला लगेच म्हणाला, “काय बे, पेपरात लॉटरी लागली का तुला?” सगळे हसले. पण ग्रुपमधली एक मैत्रीण हसली नाही. ती म्हणाली, “खर्च किती येतो पण नेमका?”

कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आणि तिथेच मला वाटलं, की हा लेख लिहायला हवा. कारण ‘हे आपल्यासाठी नाही’ असं आपण कितीतरी गोष्टींबद्दल म्हणतो, पण त्यातल्या किती गोष्टींचा आकडा बघून म्हणतो? पुढचे काही आठवडे आम्ही चौघांनी तो आकडा शोधला. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते. युरोप पैशांमुळे लांब आहेच, पण कामांचा क्रम चुकला की तो आणखी लांब जातो.

हसण्यावारी का नेलं नाही?

त्याला घरचं कारण आहे. माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर युरोपला जायचं ठरवलं होतं. नोकरी नवीन, हौस दांडगी. व्हिसाची फाइल एका एजंटकडे दिली. एजंट म्हणाला, “तुम्ही फक्त सह्या करा, बाकी आम्ही बघतो.” खात्यात पैसे कमी दिसतात म्हणून मामाने कुठून कुठून उसने आणून आठवडाभर भावाच्या खात्यात ठेवले. एजंटने हॉटेलचं बुकिंग भलत्याच शहराचं जोडलं. भावाला तर ते शहर नकाशावर दाखवताही आलं नसतं.

व्हिसा नाकारला गेला. पत्रावर छापील कारणांची यादी होती आणि त्यातल्या एका चौकटीत खूण. प्रवासाच्या कारणाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, असा त्या ओळीचा अर्थ. फी गेली, एजंटचे पैसे गेले. पण मामा त्यानंतर बरेच दिवस गप्प होता, ते जास्त लागलं. तो एकदाच म्हणाला, “आपण खोटं नव्हतो रे, आपली फाइल खोटी होती.”

म्हणून या लेखात मी तुम्हाला ‘स्वस्तात युरोप’ विकणार नाहीये. फाइल खरी कशी ठेवायची, ते सांगणार आहे. आणि त्यासाठी सुरुवात पासपोर्टपासून नाही, खेळापासून करावी लागते.

आधी खेळ

गोल्फची सुट्टी घ्यायची तर गोल्फ यायला हवा, हे इतकं साधं आहे की आम्ही सगळेच ते विसरलो होतो.

तुम्हाला ७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवतो का? संध्याकाळी नीरज चोप्राने टोकियोत सुवर्ण जिंकलं, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच दिवशी पहाटेपासून अख्खा देश टीव्हीवर गोल्फ बघत होता. बेंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकलं. आपल्या पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळला. किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं.

गोल्फ भारतात नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे. ब्रिटनबाहेरचा जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो. साहेबांनी आणलेला खेळ साहेबी क्लबांतच राहिला, हे खरं. पण त्याच क्लबांच्या कुंपणाला लागून दुसरी एक गोष्ट घडत होती. खेळणाऱ्यांची बॅग उचलणारी, चेंडू शोधून देणारी पोरं, म्हणजे कॅडी, बघून बघून खेळ शिकत होती. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला तो अली शेर. त्याची सुरुवात कॅडी म्हणूनच झाली होती. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबशेजारच्या वस्तीत तर कॅडी पोरांनी चक्क गल्लीत गोल्फ सुरू केला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी, प्लॅस्टिकचा चेंडू आणि दोन घरांमधली बोळ हेच मैदान. आपल्याकडे गल्ली क्रिकेट असतं तसा गल्ली गोल्फ. त्यामुळे ‘हा आपला खेळ नाही’ असं म्हणताना जरा थांबा.

आता शिकायचं कुठे? सोलापूरहून सर्वांत सोयीचं पुणे. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की तिथल्या एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर दुपार घालवून रात्री घरी परतता येतं. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे फक्त फटके मारायचा सराव करायची जागा. चेंडूंच्या बादलीचे पैसे भरायचे, काठी भाड्याने घ्यायची आणि मारत सुटायचं. पहिल्या दिवशी निम्मे फटके हवेत जातात, तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

खऱ्या मैदानावर खेळायचं तर खारघर लक्षात ठेवा. डोंगरांच्या कुशीतलं हे मैदान सिडकोने उभारलंय. क्लबचं सदस्यत्व नसलं तरी पैसे भरून तिथे खेळता येतं. आपल्यासारख्यांसाठी हाच मोठा दरवाजा आहे, कारण बहुतेक जुने क्लब सदस्यांचे असतात आणि सदस्यत्वाचे आकडे ऐकून चहा थंड होतो.

इथे एक शब्द शिकून घ्या, हँडिकॅप. तुम्ही किती कच्चे आहात हे सांगणारा हा आकडा. समजा, एखादं मैदान ७२ फटक्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा आहे. तुम्हाला साधारण १०० लागत असतील तर ढोबळमानाने तुमचा हँडिकॅप २८ च्या आसपास. जगभर २०२० पासून एकच पद्धत लागू झालीय आणि तिच्यात सर्वांत मोठा आकडा आहे ५४. म्हणजे नवशिक्यालाही यादीत जागा आहे. युरोपातली बरीच मैदानं खेळू देण्याआधी हँडिकॅपचं प्रमाणपत्र मागतात, कारण एक चौकडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. ते प्रमाणपत्र मिळवायला काही महिने मैदानावर जाऊन गुणपत्रकं भरावी लागतात. म्हणजे तुमच्या सहलीची सुरुवात विमानतळावर नाही, खारघरला होते.

देश कोणता?

गोल्फ म्हटलं की सगळे स्कॉटलंडकडे धावतात, पैसेवाले स्पेन आणि पोर्तुगालकडे. आम्ही ‘फारसं माहीत नसलेलं’ हा शब्द धरून नकाशा उजवीकडे सरकवत नेला आणि काळ्या समुद्रापाशी थांबलो. बल्गेरिया.

लोकसंख्या साधारण ६५ लाख. २०११ च्या जनगणनेत आपला एकटा सोलापूर जिल्हा ४३ लाखांचा होता, म्हणजे देश केवढा ते बघा. ईशान्येला, समुद्राच्या कडेला वार्ना नावाचं शहर आहे. तिथून तासाभरावर, बाल्चिक आणि कावार्ना या दोन गावांच्या आसपास, एकमेकांपासून जवळ तीन गोल्फ मैदानं आहेत. ब्लॅकसीरामा आणि थ्रेशियन क्लिफ्स ही दोन गॅरी प्लेयरने आखलेली. हा दक्षिण आफ्रिकेचा दिग्गज, नऊ मेजर स्पर्धा जिंकलेला. तिसरं लाइटहाऊस, ते आखलं वेल्सच्या इयान वूझनमने, जो १९९१ चा मास्टर्स विजेता. थ्रेशियन क्लिफ्सवर २०१३ मध्ये जागतिक मॅच प्ले स्पर्धा झाली आणि उत्तर आयर्लंडचा ग्रॅम मॅकडॉवेल ती जिंकला. कड्याच्या काठाने मैदान, खाली निळा समुद्र. फोटो बघून आमचा कॉमर्सवाला पहिल्यांदा गप्प झाला.

पण मला पटलं ते वेगळ्याच कारणांनी. एक, हा भाग दोब्रुजा नावाच्या पट्ट्यात येतो आणि दोब्रुजा म्हणजे धान्याची आणि सूर्यफुलाची शेतं. सूर्यफुलाचं शिवार बघायला आपण युरोपला जाणार आणि म्हणणार, अरे, हे तर आजोळसारखंच आहे. दोन, बल्गेरियाचा जीव दह्यात आहे. दही लावणाऱ्या जिवाणूच्या नावातच बल्गेरिया आहे, कारण १९०५ मध्ये तो शोधणारा स्टामेन ग्रिगोरोव बल्गेरियाचा होता. त्यांचं ‘तारातोर’ म्हणजे दह्यात काकडी, लसूण घातलेलं गार सूप, आपल्या पातळ कोशिंबिरीचं भावंड. टोमॅटो, काकडी, कांद्यावर पांढरं चीज किसून घातलेलं ‘शोप्स्का’ सॅलड आणि चीज भरलेली ‘बानित्सा’. शाकाहारी पोरगं उपाशी मरत नाही.

तीन, गंमत. तिथे ‘हो’ म्हणायला मान आडवी हलवतात आणि ‘नाही’ म्हणायला वरखाली. आपल्या सोलापुरी मान डोलावण्याचा त्यांनी काय अर्थ लावायचा, ते त्यांचं त्यांनी बघावं. लिपी सिरिलिक. वार्ना शहराची पाटी इंग्रजीच्या सवयीने वाचलीत तर तुम्ही ‘बाफा’ वाचाल. जायच्या आधी तीस अक्षरं शिकून घ्या, दोन संध्याकाळचं काम आहे.

आणि चार, सोय. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आला आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो. म्हणजे वेगळा व्हिसा नाही, वेगळं चलन नाही. त्याआधीच्या जुन्या ट्रॅव्हल व्हिडिओंवर विसंबू नका, त्यातले नियमही जुने आणि पैसेही.

आता फाइल

हा भाग नीट वाचा, मामाची शपथ.

पासपोर्ट पहिला. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापूरच्या पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ऑनलाइन अर्ज, ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १५०० रुपये, अपॉइंटमेंट, मग पोलीस पडताळणी. आधार, जन्मदाखला आणि मार्कशीट यांच्यावर तुमचं नाव एकसारखं आहे का, ते आजच तपासा. आमच्या ग्रुपमध्ये चौघांपैकी दोघांच्या नावांत स्पेलिंगचा घोळ निघाला. आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी. हा घोळ आधी निस्तरा. व्हिसाच्या वेळी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत आणि युरोपातून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा.

मग शेंगेन व्हिसा. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. आपला मुक्काम बल्गेरियात, म्हणून अर्ज बल्गेरियाकडे. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर उठून या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवून अर्ज करा. प्रौढांची फी ९० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर नऊ हजार, वर केंद्राचा सेवाकर. व्हिसा नाकारला तरी ही फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

प्रवासविमा सक्तीचा. किमान ३० हजार युरोचं, म्हणजे आपल्या तीसेक लाखांचं संरक्षण हवं. विम्याचा हप्ता त्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे आकडा वाचून घाबरू नका.

विद्यार्थी असाल तर कॉलेजचं बोनाफाइड आणि सुट्टीचं पत्र जोडा. खर्च आईबाबा करत असतील तर तसं त्यांचं पत्र, त्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण. खात्यात जेवढे आहेत तेवढेच दाखवा. वर्षभर थोडे थोडे साठलेले साठ हजार हे परवा अचानक आलेल्या चार लाखांपेक्षा जास्त खरे दिसतात, कारण ते खरे असतात. कमी पडत असतील तर दिवस कमी करा, नाहीतर एक वर्ष थांबा.

आणि मग येतं ते पत्र, ज्यात तुम्ही का जाताय ते लिहायचं. सोलापूरची बावीस वर्षांची मुलगी बल्गेरियाला गोल्फ खेळायला चाललीय, यावर कुणाचा विश्वास बसेल? पण फाइलमध्ये हँडिकॅपचं प्रमाणपत्र असेल, खारघरच्या पावत्या असतील, बाल्चिकच्या मैदानाचं अमुक तारखेचं बुकिंग असेल आणि हॉटेलही तिथलंच असेल तर? आता ती गोष्ट जुळते. मी वर ‘आधी खेळ’ म्हणाले ते यासाठी. माझ्या भावाच्या फाइलमध्ये सगळे कागद होते, फक्त त्यात तो स्वतः कुठेच नव्हता.

विमानाचं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत पक्कं करू नका. अर्जाला आरक्षण दाखवायचं असतं, ते पैसे परत मिळतील असं घ्या.

आकडा

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. आम्ही वहीत चार रकाने पाडले. जायचं-यायचं, राहायचं-खायचं, खेळायचं आणि कागदपत्रांचं.

जायला सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत आहे, नाहीतर रात्रीची सिद्धेश्वर. पुढे मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून वार्ना, नाहीतर राजधानी सोफियाला उतरून बसने समुद्राकडे. विमानाचे दर तारखेनुसार इतके बदलतात की छापून उपयोग नाही. तुमच्या तारखांचे दर दर आठवड्याला एका वहीत लिहीत जा. महिन्याभरात कळतं, स्वस्त म्हणजे किती.

राहायला चौघांत एक अपार्टमेंट घेतलं तर खर्च विभागतो. स्वयंपाकघर असलेलं बघा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेत टाका, ती तुम्हाला दोन वेळा तारेल. पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे आईने दिलेला तुपाचा डबा घरीच.

खेळायला, म्हणजे मैदानाच्या फीला, ग्रीन फी म्हणतात. आम्ही आठवड्यात फक्त दोनच फेऱ्या धरल्या. १८ होलची एक फेरी चार-साडेचार तास चालते आणि आठ-दहा किलोमीटरची पायपीट होते, त्यामुळे रोज खेळणं तसंही झेपलं नसतं. शनिवार-रविवार टाळा. बऱ्याच मैदानांवर दुपारनंतरची फी कमी असते, ती विचारा. काठ्यांचा संच तिथेच भाड्याने घ्या, विमानात नेण्याचा खर्च आणि जीवाला घोर दोन्ही वाचतात.

उरलेले दिवस फुकट किंवा स्वस्तात जातात. वार्नाच्या पुरातत्त्व संग्रहालयात जगातलं सर्वांत जुनं समजलं जाणारं घडीव सोनं आहे, सहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. १९७२ मध्ये खोदकाम करताना एका यंत्रचालकाला ते सापडलं. बाल्चिकला रुमानियाच्या राणी मेरीचा उन्हाळी वाडा आणि त्याभोवतीचं वनस्पती उद्यान आहे. कालियाक्राचं भूशिर आहे, समुद्रात घुसलेलं.

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर गर्दी आणि दर दोन्ही वर. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो तेव्हा तिथे छान वसंत असतो, आणि आपली परीक्षाही बहुधा संपलेली असते.

आता बेरीज. महिन्याला तीन हजार बाजूला काढले, ट्यूशन घेऊन म्हणा, इंटर्नशिपमधून म्हणा, तर दोन वर्षांत ७२ हजार होतात. आमच्या वहीप्रमाणे एवढ्यात ही सहल बसत नाही. विमान आणि व्हिसा यांतच त्यातला मोठा भाग संपतो. म्हणजे आणखी वर्ष थांबायचं, नाहीतर पहिली नोकरी लागल्यावर जायचं. मैत्रीण आकडा बघून म्हणाली, “तीन वर्षं. बरं.” ती ‘नाही जमणार’ म्हणाली नाही, हे मला आवडलं. ‘कधीच नाही’ आणि ‘तीन वर्षांनी’ यांत फरक आहे.

एक गोष्ट खटकते

ती लपवून प्लॅन सांगणं बरं दिसणार नाही. गोल्फच्या मैदानाला पाणी लागतं आणि भरपूर लागतं. उजनी भरलं तरी आपल्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आईने मध्यरात्री उठून भरलेली पिंपं बघत मोठी झालेली मी, हिरवळीवर फवारे उडताना बघून निर्मळ मनाने खेळू शकेन का? मैदान प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालतं का, हे विचारता येतं. बुकिंग करतानाच विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरं, कालियाक्राचा किनारा पक्ष्यांच्या स्थलांतराच्या मोठ्या वाटेवर आहे. तिथल्या अधिवासाचं नीट संरक्षण न करता पवनचक्क्या आणि इतर बांधकामं होऊ दिली म्हणून युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये बल्गेरियाला दोषी ठरवलं. हे वाचताना मला नान्नज आठवलं. १९७९ मध्ये जाहीर झालेलं आपलं माळढोक अभयारण्य, जिथे आता माळढोक दिसला तर बातमी होते. माळरान म्हणजे रिकामी जागा, असं समजण्याची चूक आपण केली तशीच त्यांनीही केली. तिथे गेलात तर कालियाक्राला दुर्बीण घेऊन एक सकाळ जरूर घालवा. आणि जायच्या आधी एकदा नान्नजला जा, ते तर बाईकच्या टप्प्यात आहे.

मग या आठवड्यात काय कराल?

फक्त तीन कामं. एक, सगळ्या कागदांवरचं आपलं नाव तपासा. दोन, पासपोर्ट नसेल तर अर्ज करा, मग बल्गेरिया असो की नसो. तीन, तुमच्या डोक्यात ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून बाजूला टाकलेली जी कुठली गोष्ट असेल, गोल्फच असं नाही, तिचा खरा आकडा वहीत मांडा. उत्तर ‘नाही’ आलं तरी चालेल, पण हिशेब करून येऊ दे.

मामाला मी हा लेख छापायला देण्याआधी वाचून दाखवला. एजंटचा भाग आला तेव्हा तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, “तुझ्या भावाला पण दे वाचायला.” भावाने वाचला आणि रात्री फक्त एक मेसेज केला: खारघरला कधी निघताय?

पुढच्या महिन्यात, शुक्रवारी रात्री. सात रस्त्यावरून ट्रॅव्हल्स पकडायची, पहाटे उतरायचं आणि आयुष्यात पहिल्यांदा गोल्फची काठी हातात घ्यायची. आमच्यातल्या तिघांचे पासपोर्टचे अर्ज झालेत. कॉमर्सवाला अजून “बघू बे” म्हणतोय. गोल्फ काय, एकट्यालाही खेळता येतो. पण अपार्टमेंटच्या भाड्याला चौथा लागतो, त्यामुळे त्याला आम्ही सोडणार नाही.